व्यवसाय कर

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या पोटमाळ्यावर
मी पगारपत्रकं लिहितो.
वाळूला हात न लावताही
नखांत ती काळी येतेच.

दस्तगीर मोल्डरनं फेब्रुवारीची स्लिप उजेडात धरली :
"काय ओ, महिना अठ्ठावीस दिसांचा
आणि कापलं तीनशे?
एरवी दोनशेच जात्यात की."

म्हटलं, कायद्यात वर्षाचे अडीच हजार,
बारानं भाग जात नाही,
उरलेले शंभर
सगळ्यात बारक्या महिन्याच्या डोक्यावर.
तो हसला. "आमच्या घरातल्यागतच.
थोरल्याचं वझं धाकट्यावर."

मार्चात अर्थसंकल्प. भट्टी निवलेली,
वीजदराचं एखादं वाक्य येईल म्हणून
मालक मोबाईलला कान लावून.
आलं नाही.
दोन दिवसांनी, कुठल्याशा लेखाशीर्षाखाली
सापडला आमच्या ओढ्यावरचा पूल :
टोकन तरतूद, रुपये एक हजार.

दस्तगीरनं बोटांवर मोजलं.
"म्हंजे माझं पाच महिनं!
अख्खा पूल माझ्या एकट्याचा की ओ."

सांजच्याला सायकल खांद्यावर घेऊन
तो घोटाभर पाण्यात उतरला,
जिथं खांब यायचा तिथं थोडा थांबला,
आणि पलीकडं गेला
सावकाश, मालकासारखा.