गार इंजिन

वैशाखात गाडी बघायची तर पहाटे,
सुपडू मिस्तरी म्हणाला.
नऊ वाजले की खान्देशात सगळीच बॉनेटं तापतात,
मग कोणतं उन्हानं
आणि कोणतं मालकानं गुपचूप आधी इंजिन चालवल्यानं,
ते तळहाताला कळत नाही.

म्हणून चोपड्याहून दुधाच्या टेम्पोत बसून
आम्ही फैजपुरात, फिरके सरांच्या दारात.
सर बनियनवर, तोंडात ब्रश.
सुपडूनं रामराम घातला तोच
बॉनेटवर पंजा ठेवून.
गार.
एवढं एक खरं निघालं.

मग त्यानं खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं
नि पत्र्यापत्र्याला विचारत फिरला.
छप्पर, डिकी, उजवी दारं : चिकटलं.
डाव्या मागच्या दाराला, खालच्या अंगाला
सुटलं
आणि फुफाट्यात पडलं, आवाज न करता.
"हाऊ रंग नवा शे,"
सुपडू कोणाकडेच न बघता बोलला.
सर चूळ भरायला गेले.

मीटर बेचाळीस हजार सांगत होतं.
क्लचचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं.
"शाळा नि घर, बस," असं सर फोनवर म्हणालेले;
डिकीतली चटई उचलली तर
केळीच्या चिकाचे काळे डाग.
आमच्याकडे हा डाग
कापड फाटतं तेव्हाच जातो.

मी नर्स. इंजिनातलं मला काही कळत नाही.
पण माणूस दुखणं कुठं सांगतो
आणि हात कुठं ठेवतो, ते कळतं.
सर सारखे डाव्या दाराला टेकून उभे.

पुढच्या डाव्या सीटसमोर
पायपुसण्याला भोक होतं. टाचेएवढं, गोल.
तिथं ना ब्रेक, ना क्लच.
सुपडू बोट घालून बघत राहिला,
हे त्याच्याही अभ्यासात नव्हतं.

"ते माझं," चहा घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या.
"पालचा घाट उतरताना हे गप्पा मारायचे,
ब्रेक मी दाबायचे.
एकदा कमी पडला. ते दार तेव्हाचं.
आणि मीटरचं काय ते यांनाच विचारा."
सरांनी बशीत चहा ओतला
आणि खूप वेळ फुंकर घातली.

गाडी पहिल्याच चावीला लागली.
सुपडूनं धुराड्याला पांढरा रुमाल धरला,
उन्हाकडे धरून पाहिला, घडी घातली.
"गाडी खोटं बोलत नही," तो म्हणाला.
दोन दहाचे एक पंचाहत्तर झाले,
स्टेपनी आणि जॅक धरून.

यावल गेलं, किनगाव गेलं.
स्टिअरिंग जरा डावीकडे ओढतं, ते मी धरून होते.
समोरून उसाची ट्रॉली वळली
तेव्हा तिरप्या नजरेनं बघितलं :
तीस वर्षं गाड्यांखाली झोपलेला सुपडू
छताचा दांडा धरून बसलेला,
चप्पल काढलेली,
टाच बरोबर त्या भोकात.