नारिंगीवर निळा

पहिले चार दिवस कोणाला कळलंच नाही,
मे महिना होता.
नागपुरात मे महिन्यात बाईला डोकं नसतं,
दुपट्टा असतो, गॉगल असतो,
आणि त्या दोघांच्या फटीतून ती स्कूटी चालवते.

पाचव्या दिवशी कूलरपुढे दुपट्टा सुटला
आणि नणंद ओरडली,
"अवो बाई, संत्रा मार्केट उघडलं का डोक्यावर?"
मी हसले. मलाच हसू आलं, खोटं कशाला बोलू.
मग बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

डब्यावरची बाई चॉकलेटी होती.
माझे मुळाशी केशरी, मध्ये पिकल्या केळीचे,
आणि खाली, जिथं दोन वर्षांची काळी मेंदी मुरलेली,
तिथं गच्चीवरच्या टाकीत साचतं तसं काहीतरी हिरवट.
रविवारी काटोलला भाच्याचं लग्न.

धरमपेठेत झेरॉक्सच्या दुकानावर, पहिला मजला.
प्रणोती नंदनवार, वय असेल सत्तावीस.
तिनं माझा दुपट्टा काढला नाही.
कंगवे पुसत राहिली,
मी काढेपर्यंत.

"काय काय लावलं ते सांगा.
डॉक्टरला सांगता तसं नाही, खरं."
मी सांगितलं. आधी ब्लीच, मग डब्यातला रंग,
मग त्यावर दुसऱ्या डब्यातला,
सगळं रात्री अकरानंतर.
ती मध्ये एकदाही "अरे देवा" म्हणाली नाही.

चिमूटभर केस कापून तिनं कपात बुडवले.
अर्ध्या तासानं कप माझ्या हातात दिला.
कोमट झाला होता.
"मेंदीत धातू आहे. यावर ब्लीच मारलं
तर केस हातात येतील. आज नाही करत."
इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी
काहीतरी न करण्याबद्दल बोलत होतं.

मग तिनं पट्टी लावून मोजलं.
"केस महिन्याला अर्धा इंच वाढतो, ताई.
इथून खाली काळं. म्हणजे दोन वर्षं.
तेव्हा काय झालं होतं?"
"ऑफिसात नवे साहेब आले.
मला मावशी म्हणाले."
"साहेबांचं वय?"
"अठ्ठेचाळीस."
"नि तुमचं?"
"सेहेचाळीस."
तेव्हा मात्र हसली ती. मीही.
आरशातल्या दोन बायांपैकी एक
अजून केशरीच होती.

तिचे आजोबा गोळीबार चौकाकडे सूत रंगवायचे.
बिघडलेली लडी ते फेकत नसत, पिळतही नसत.
पाण्यात सोडून चहा प्यायला जायचे.
"नारिंगी खरवडून निघत नाही, ताई.
त्याच्यासमोर निळा उभा करायचा,
मोजून. जास्त झाला तर परत हिरवा."
वाटीत तिनं कालवलं ते
शाईसारखं दिसत होतं,
आणि मी डोळे मिटले,
शाळेत सुई टोचताना मिटायचे तसे.

साडेचार हजार.
डबे होते दोनशे एकोणपन्नासचे, दोन.
हा हिशोब मी बेसिनमध्ये मान टाकून केला,
पाणी कोमट होतं, टाकीचंच,
तिची बोटं कानामागे घाईत नव्हती.

चार बोटं काळं कापलं.
फरशीवर पडलं, साहेबासकट.
बाकीचा रंग कसा झाला म्हणाल
तर ओल्या मातीचा, कुठंकुठं तांबूस.
"रविवारपुरतं हे. पुढचं जूनमध्ये,
मग ऑगस्टमध्ये. घरी काही लावायचं नाही."
"आणि कानाजवळचं पांढरं?"
राहू दे म्हणाले.
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

लॉ कॉलेज चौकात सिग्नल लागला.
पंचेचाळीस डिग्री, झळा,
तरी मी दुपट्टा सोडला.
बाजूच्या गाडीवरच्या मुलानं
माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
बरं वाटलं. जरासं वाईटही.

मागून हॉर्न.
"ओ मावशी, सुटला न जी सिग्नल!"
मी आरसा थोडा वळवला,
दुपट्टा परत नीट बांधला, गाठ मारली,
आणि मग गेले.