पाच नळ

माझ्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये, इन्सुलिनच्या मागे,
तीन हिवाळे एक चुन्याची डबी होती.
आत ओल्या फडक्यात काळं बी,
वेलदोड्याच्या दाण्याहून जरा मोठं, चकचकीत.
ड्रग इन्स्पेक्टरने विचारलं, हे काय?
मी म्हणालो, कौसाबाईचं आहे.
कोण कौसाबाई?
जालन्यात नवीन असणार बिचारा.

कौसाबाई म्हस्के. सीड प्लॉटवर बावीस वर्षं
कपाशीचं क्रॉसिंग.
उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी नखाने सोलायची,
सकाळी नराचं फूल तिच्यावर फिरवायचं,
दोरा बांधायचा, पुढची कळी.
अंगठ्याचं नख अजून तिरपंच वाढतं.
पाकिटांवर नावं छापून यायची, वाघाची, विजेची.
एकही तिला विचारून ठेवलेलं नव्हतं.

डे लिली तिला सापडली
साहेबांच्या बंगल्यामागच्या उकिरड्यावर.
कंबरेएवढी व्हायची, चैत्रातल्या वावटळीत दांडा मोडायचा,
पंधरा दिवस फुलायची आणि वर्षभर नुसती पात.
माळ्याने उपटून टाकली.
हिने गोडेतेलाच्या डब्यात लावली, पत्र्यावर ठेवली.
जोडीला अंबडच्या एका शाळेतून मागून आणलेली दुसरी,
वीतभर, चिवट, पण फुलायचा कंटाळा.

"एक फूल एकच दिवस जगतं, भाऊ.
ते काय मला बदलता यायचं न्हाई.
पण कळीमागं कळी लावता यील.
आन् उंची कमी केली
तर वारं जाईल की डोक्यावरून."

लिहायचो मी. औषध कंपनीची जुनी डायरी,
दोन रकाने, आई आणि बाप.
आई उंच, बाप बुटका.
आई बुटकी, बाप उंच.
लाल दोरा, हिरवा दोरा.
सहा केसर खुडलेले, मधली एक काडी राखलेली,
आणि वर सलाइनच्या नळीचा तुकडा,
मुंगीने मधे येऊ नये म्हणून.

दोनशे चौदा रोपं उगवली.
तिसऱ्या वर्षी फुलू लागली तशी ती उपटू लागली.
ही लांबली. ही वाकली. हिचा रंग मळका.
मी म्हणायचो, असू द्या ना एखादी.
"लाड केले की वाण बिघडतो," म्हणायची,
आणि भिरकावायची सरळ
गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक नळामागच्या गटाराकडे.

तिथेच निघाली ती.
टाचेत बसेल एवढा झुबका, दांडे वीतभर,
फूल करडईच्या रंगाचं, कडेला जरा जास्त पिकलेलं.
घागरी आदळत होत्या, सांडलेलं पाणी मिळत होतं,
तेही बाराव्या दिवशी. आमचा नळ बाराव्या दिवशी येतो.
पहिल्या नळाला बायकांनी पाहिली.
दुसऱ्या नळाला कुणी तरी भोवती विटा मांडल्या.
तिसऱ्याला कौसाबाई आली, घागर न घेता,
उकिडवी बसली, कळ्या मोजल्या,
पुन्हा मोजल्या.
पाचव्या नळाला शेवटचं फूल मिटलं.

डायरी उघडली. आई?
"दोरा गळून पडला असंल."
बाप?
"कंदन काळ."
मग रकान्यात लिहू काय?
तिने तिरपं नख डायरीवर टेकवलं.
"लिवा. माझ्याच हातानं फेकलेली."

तसंच लिहिलं आहे. दोन्ही रकाने मिळून, आडवं.
कंपनीचा एक पोरगा फूटपट्टी घेऊन आला होता,
त्याला हे वाक्य फॉर्ममध्ये बसवता येईना.
आता गल्लीत एकोणीस घरी तिचे फुटवे आहेत.
पाटी नाही. मागणारा म्हणतो,
ती पाच नळवाली द्या.

परवा चुन्याची डबी पुन्हा काउंटरवर.
आता काय राहिलं, कौसाबाई?
"रात्री नवाला मिटती. अकरापर्यंत टिकवायची.
सेकंड शिफ्टवाल्या पोरी घरी येतात तवर."
एकच दिवस जगतं म्हणाला होतात ना?
"हां. पण दिवस किती वाजता संपतो,
ते कुठं कुणी लिवलंय?"

मी इन्सुलिन थोडं पुढे सरकवलं.