नाक

दिवाळ्याच्या मासळी बाजारातून
मी करंदीची सालं मागून नेतो.
ओली, चिकट, कुणालाच नको असलेली.
"कोंबऱ्या पाल्ल्यास काय रं?"
नाही मावशी, यांचा उजेड करतो.
चांगुणामावशी नाक मुरडते. सवयीनं.
नाक तसं उरलेलं नाही तिला.
त्या तापाच्या वर्षी वास गेला, तो परतलाच नाही.

एके काळी पाटीवरचं फडकं काढायच्या आधी सांगायची:
हा कालच्या बर्फातला, हा परवाच्या,
हा आपल्या खाडीचा, ह्याला डिझेलचा दर्प आहे.
आता कल्ला उचलते, अंगठा दाबते,
आणि शेजारच्या फशीबाईला हळूच म्हणते,
"बग गो जरा."
ते हळूच मला ऐकू आलं.

महाप्याला, दुसऱ्या मजल्यावर
सालं धुतो, वाळवतो, कुटतो,
पाण्यासकट पोलादी भांड्यात कोंडतो,
एकशे ऐंशी अंशांवर आठ तास.
निघतं ते कोऱ्या चहासारखं पाणी.
पण नोटा तपासायचा जांभळा दिवा मारला
की तेच पाणी निळं पेटतं.
त्यातले कण इतके बारीक
की करंदीच्या मिशीवर लाखभर बसले
तरी तिनं मिशी झटकली नसती.

मासा नासताना वास मागाहून येतो.
आधी काहीतरी सुटतं, नाकाला न कळण्याइतकं,
ते कागदावरच्या कणांना बिलगतं
आणि कण विझतात.
एवढंच.
अहवालात मी याला सात पानं लावली.

मंगळवारी पट्ट्या घेऊन गेलो.
तिच्या पदराच्या अंधारात
दोघांनी डोकी घालून पाहिलं.
बांगडा निळा. मांदेली निळी.
बोंबील मंद, पण त्याचं तिनं
दिवा लावायच्या आधीच सांगितलं होतं,
"यो दुपारपर्यंत. मंग नाय."
मी वहीत लिहिलं: निष्कर्ष जुळतो.
कुणाचा कुणाशी, ते लिहायला रकाना नव्हता.

"आता तुजा डबा बग."

घणसोलीच्या खोलीतली शनिवारची सुरमई,
फ्रिजमध्ये होती, सकाळी हुंगूनच भरलेली.
शिवाय मी एमएस्सी.
पट्टी लावली. पदर ओढला.
दिवा मारला. पुन्हा मारला.
निळं आलंच नाही.

ती हसली नाही.
तुकडा मांजरापुढे टाकला.
मांजरानं हुंगला आणि ते
बर्फाच्या खोक्यामागे निघून गेलं.

मग तिनं पाच पट्ट्या मागितल्या, मोजून,
बटव्यात सुपारीशेजारी ठेवल्या.
दिवाही ठेवून घेतला.
"फशीला सांगू नको," म्हणाली.
"तिला वाटूंदे, मना तिचाच नाक लागतं."

आणि मी निघताना, मागून, मोठ्यानं:
"बुधवारी ये सालांना!
कोलबी मोठी हाय, उजेड जास्ती परल!"