अर्धविराम

अपोलो टॉकीजच्या मागच्या बोळात
फोन हातात धरून मी उभी.
नकाशात एक ठिपका ठेवलाय
आणि ठिपका विचारतोय : दुकान कसलं?
रकाना एकच.

मुनीर तांबोळींच्या फळीवर
किल्ल्यांचे जुडगे, स्टोव्हचे बर्नर,
एका खिळ्याला सात छत्र्या,
सातही काळ्या, सातही दुसऱ्यांच्या,
आणि आत हवा भरायचा पंप.
पूर्वी बसपासचे फोटोही काढायचे म्हणे;
निळा पडदा अजून आहे, गुंडाळलेला.

"यातला मुख्य धंदा कुठला?"
त्यांनी कानस थांबवली नाही.
"कुठलं गिऱ्हाईक उभंय त्यावर."
मग वर बघून :
"आत्ता तुम्ही उभ्या. तुमचं काय बिघडलंय?"

घरी येऊन भरलं :
सायकल;किल्ल्या;स्टोव्ह;छत्र्या
मधे अर्धविराम, आणि त्यानंतर
जागा सोडायची नाही असा संकेत आहे.
बरोबरच आहे.
सहा बाय सात फुटांत जागा सोडणार कुठून?

तिसऱ्या दिवशी कुणीतरी,
ज्याने हा बोळ कधी पाहिला नसावा,
तीन शब्द खोडले.
'एका रकान्यात एकच मूल्य. यंत्राला वाचता येत नाही.'
खोटं नव्हतं ते.
चार शब्द दिसले की कुठलं चित्र काढावं
हे नकाशाला कळत नाही,
मग तो काहीच काढत नाही.
एकच ठेवला तर सायकल येते,
छोटी, निळी, दोन्ही चाकं गोल.

भांडायला पुरावा हवा म्हणून परत गेले.
भर दुपार. मुनीरभाई जेवायला गेलेले.
फळीच्या मागे, पंपाच्याही मागे,
मशिनवर एक बाई साडीला फॉल लावत होत्या.
"तुम्ही कधीपासून इथे?"
"सत्त्याण्णवपासून," जैतूनबी म्हणाल्या,
दातांत दोरा तसाच धरून.
"त्या दिवशी माझ्याच स्टुलावर
पिशवी ठेवली होती की तुम्ही."

तिथेच, उभ्या उभ्या,
खोडलेलं सगळं परत घातलं.
शेवटी एक अर्धविराम जास्तीचा,
आणि पुढे चिकटून : फॉल-पिको.

नकाशावरची सायकल गेली.
आता तिथे नुसता राखाडी ठिपका,
दाबला तर उघडतो.

माझ्या छत्रीची काडी
तेवढी दाखवायची राहिली.