उलटं चाक

सायकल उलटी टेकवलीय अंगणात,
सीट आणि हँडलवर, चाकं आभाळाकडे.
“मेलेल्या शेळीवानी दिसायलीय,” अम्मा म्हणाली
आणि विड्यांचं सूप मांडीवर घेऊन
बरोबर उंबऱ्यात बसली.

खोकं साडेअकरा हजारांचं.
माझे आठ, अम्माच्या बोनसमधले साडेतीन,
नानांना सांगितलेत पाच.

मागची खाच जुनी, आस नव्या चाकाचा जाड.
कानस मारत बसले. लोखंडाचा भुगा
तंबाखूत उडेल म्हणून अम्माने सूप फिरवलं,
हात थांबले नाहीत तिचे,
पान, चिमूट, वळ, दोरा.
एप्रिलचं ऊन. पान्याला हात लावला तर चटका.
समोरच्या इप्पाकायल काकू दोनदा विचारून गेल्या,
“पोरगीच करायलीय का? कुणाला तरी बोलवा की.”
आयटीआयच्या वायरमन वर्गात आम्ही तिघीच होतो, काकू,
आणि तिघी पास झालो.
हे मी कानशीला सांगितलं.

आसाला पट्टी आवळली दोन्ही बाजूंनी,
नाहीतर जोर आला की आस स्वतःच फिरतो
आणि स्वतःचीच वायर पिळून तोडतो.
(असं माणसांचंही होतं. पण तो भाग अभ्यासक्रमात नव्हता.)

जाड वायरी तीन : पिवळी, हिरवी, निळी.
बारीक पाच, नखाएवढ्या सॉकेटात.
रंगाला रंग. लालला लाल. काळीला काळी.
ब्रेक दाबला की मोटर बंद, त्याची वेगळी जोडी.
कॅरिअरवर बॅटरी, जिथे एकतीस वर्षं
नानांचा डबा बांधलेला असायचा,
त्या जागेचा रंग अजून वेगळा आहे.

नाना बाजेवर. कान गेलेत मागांच्या धडधडीत,
कारखाना विकला गेला, आवाज आत राहिला.
आता टॉवेलच्या गोदामावर रात्रपाळी,
नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं,
आणि गुडघे दोन्ही मिळून एकाच्या कामाचे.

चावी फिरवली. मूठ पिळली.
चाक फिरलं,
उलटं.

अम्माचा दोरा हातातच राहिला.
काकू दारात होत्याच.
मी रंग पुन्हा बघितले, कागद बघितला,
कागदावरचं चित्र दुसऱ्याच कुठल्या सायकलचं.

नाना उठले. ऐकू येत नाही त्यांना,
म्हणून त्यांनी मोटरवर तळवा टेकवला,
डोळे मिटले, जसे बिघडलेल्या मागावर मिटत असतील.
“पिळ.” मी पिळली.
“दोन बदल,” म्हणाले, “कुठल्याही दोन.
मागाची मोटर उलटी फिरली
की धोटा अंगावर यायचा.
पहिल्याच वर्षी शिकलो. मार खाऊन.”

सात मार्कांचा प्रश्न होता हा. मी लिहिला होता.
पिवळी हिरवीत, हिरवी पिवळीत,
बारीक पाचांतल्याही दोघींना जागा बदलायला लावली
(हे नानांच्या मोटरला लागायचं नाही,
दोनदा चुकले, मग जमलं),
टेप गुंडाळली, दातांनी तोडली.

आणि चाक सरळ फिरलं.
इतकं गुपचूप, की आम्ही तिघंही
त्याच्याकडे बघत बहिरे झालो.

आठ वाजता ते निघाले.
खोक्यात नव्हता तो आरसा मी हँडलला लावला,
उजवीकडे, मागचं दिसेल असा.
कोपऱ्यापर्यंत पायडलच मारत गेले.
कोपऱ्यावर पाय थांबले
आणि सायकल थांबली नाही.

सकाळी बॅटरीचे चारातले तीन दिवे शिल्लक.
“वापरली नाहीत का नीट?”
मी ओरडून विचारलं, खुणेनेही.
“जाताना वापरली,” नाना म्हणाले,
“येताना पायांनी आलो, सावकाश.
आरशात बघत होतो.”
“काय?”
“रस्ता. मागं जायलेला.”

मग चहा. मग गुडघ्यांना तेल.
मग बशी खाली ठेवून, हळूच :
“पाच हजारांत एवढं बसत नाही.
मला मोटरी कळतात.”