इलोनाचं साल

माझं काम एवढंच होतं: लक्षात ठेवणं.
दार उघडताना ग्लास कुठल्या हातात होता,
टायची गाठ सैल होती की घट्ट,
सिगारेट कुठवर जळली होती.
हॉलिस क्रेन कधी मरत नसे, म्हणून
कुणीतरी त्याचा हिशोब ठेवायला हवा होता.
बकिंगहॅमशायरच्या त्या गारठलेल्या स्टुडिओत
अडतीस वर्षं मी स्टुलावर बसले,
गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही
आणि घरी, बुटांच्या खोक्यांत, पोलरॉइड.

पहिल्या क्रेनच्या डाव्या भुवईवर व्रण होता.
दुसऱ्याला स्वतःची उजवी बाजू आवडायची,
तर व्रण उजवीकडे गेला.
मी चिठ्ठी लिहिली. उत्तर आलं:
लोक चेहरा बघायला येतात, विनिफ्रेड,
जन्मदाखला तपासायला नाही.
तिसऱ्याला व्रणच नव्हता.
चौथा डावखुरा. मी वहीत लिहिलं, डावखुरा,
खाली रेघ मारली. दोन रेघा.

मग इलोना.
तिसऱ्या चित्रपटात क्रेननं लग्न केलं
आणि शेवटच्या रिळात तिची बोट परत आली नाही.
पेट्रा लाँगस्टाफ. अकरा दिवसांचं शूटिंग.
पाण्याची भीती वाटते, हे तिनं फक्त मला सांगितलं,
टॉवेल गुंडाळून, दात वाजत असताना.
तिची कबर फायबरग्लासची, एका हातानं उचलावी अशी.
वाऱ्यानं पडू नये म्हणून मागे वाळूच्या दोन पिशव्या.
प्रत्येक नव्या क्रेनला एकदा तिच्यापुढे उभं करायचं:
कॉलर वर, फुलं खाली, संवाद एकही नाही.
आणि दर वेळी रंगखात्याचा माणूस
साल पुढे ढकलायचा.
एकोणसत्तरचं अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तरचं अठ्ठ्याऐंशी.
चौथ्याच्या वेळी मी बोटांवर मोजून दाखवलं,
ती खरी बुडाली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता.
मग त्यांनी सालच पुसलं.
उरलं, प्रिय पत्नी.

आता पाचवा. पाटी कोरी, म्हणाले.
लेखकांच्या खोलीतून टॅम्सिन नावाची मुलगी आली,
चांगली मुलगी, चिखलाचे बूट दाराबाहेर काढणारी.
सगळ्या वह्या हव्या होत्या तिला.
“काय काय घडलंय ते नीट कळलं
की नेमकं तेवढंच टाळता येईल.”
मी चहात दूध ओतत राहिले. जास्तच झालं.
या क्रेनचं लग्नच झालेलं नाही.
त्याला इलोनाचं ना सोयर ना सुतक.
पहिले पाढे पंचावन्न,
आणि म्हणणाऱ्याला वाटतं, जगात पहिल्यांदाच कुणी म्हणतंय.

पेट्रा मार्चमध्ये गेली, हेस्टिंग्जला.
आम्ही चौघं होतो: भाचा, शेजारीण,
सेकंड युनिटचा ड्रायव्हर डेन्झिल, आणि मी.
राख समुद्रात सोडायची ठरली होती.
मी म्हटलं, तिला पाण्याची भीती वाटायची.
भाचा म्हणाला, खरंच? कधी बोलली नाही.
माझ्या वहीत होतं. चौथा दिवस, टेक सहा.
सोडलीच शेवटी. ओहोटी होती.
तिच्या नावाचा दगड कुठेच नाही.

स्टुडिओनं गोदाम रिकामं केलं तेव्हा
डेन्झिलनं ती कबर व्हॅनमधून आणून दिली.
बागेत आहे, वाटाण्याच्या वेलांमागे.
काल सकाळी मी काळ्या रंगाचा डबा उघडला.
नाव बदललं नाही. इलोना क्रेन. राहू दे,
बाजारात तिला याच नावानं हाक मारायचे.
फक्त साल घातलं, हे, यंदाचं.
हात थरथरला, शेवटचा आकडा जरा खाली घसरला.
पाचांपैकी कुठल्याच क्रेनशी ते जुळत नाही.
मी तपासलं. वहीत नोंद केली.

दुपारी वारा सुटला.
वाळूच्या पिशव्या गोदामातच राहिल्या होत्या.
म्हणून दगड पायानं रेटून धरत
मी उभी राहिले थोडा वेळ,
कॉलर वर करून.